चुलत भावाच्या वर्षश्राद्धाला त्याच्याविषयी काय लिहावे आणि काय गाळावे?

धुऱ्यावरून

नमस्कार. इथल्या सगळ्यांसारखे मीही टोपणनावानेच लिहितो आहे. पश्चिम विदर्भातल्या एका कोरडवाहू गावात माझ्या काकांची पाच एकर शेती आहे. मी नोकरीमुळे दहा वर्षांपासून बाहेर असतो. काकांच्या धाकट्या मुलाने, वय २८, २०२३ सालच्या पोळ्यानंतर चौथ्या दिवशी आपले आयुष्य संपवले. येत्या पंधरवड्यात त्याचे वर्षश्राद्ध आहे आणि काकूने माझ्याकडे एकच मागणे मागितले आहे: "तुले लिवता येते ना बाप्पा, मंग त्याच्यावर एक पान लिहून दे. जेवायच्या आंधी वाचून दाखवू." आठ दिवस झाले, मी लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीत अडतो.

अडचण अशी आहे की त्याच्या मृत्यूची चार कारणे गावात फिरतात आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला आपलेच खरे वाटते. पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात कारणावरून' असे लिहिलेले आहे. शेतकरी आत्महत्येनंतर घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या फाइलीवर 'अपात्र' असा शेरा पडला, कारण त्याच्या किंवा काकांच्या नावावर बँकेची थकबाकी निघाली नाही. पारावरचे लोक म्हणतात की तीन ठिकाणी बोलणी फिसकटली, वावर कसणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही, त्याचा त्याने धसका घेतला. आमचे एक नातेवाईक, ज्यांची स्वतःची मुले केव्हाच शहरात स्थिरावली आहेत, मोबाईलला दोष देऊन मोकळे होतात.

मला ठाऊक असलेला मुलगा यांपैकी एकाही ओळीत सापडत नाही. बी.ए. झाल्यावर त्याने तीन वर्षे पोलीस भरतीची तयारी केली. पहाटे साडेचारला गावातल्या पाच-सहा जणांबरोबर डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर धावायचे आणि परत आल्यावर वखर जुंपायचा, असा त्याचा क्रम होता. दोनदा मैदानी चाचणी काढली आणि दोन्ही वेळा लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. मग त्याने काकांना सांगितले की आता मी पूर्णवेळ कास्तकारी करतो, आणि पाच एकरांत भागत नाही म्हणून शेजारची आठ एकर मक्त्याने, म्हणजे पैसे देऊन वर्षभर कसायला, घेतली. मक्ता तोंडी होता आणि त्याचे पैसे पेरणीच्या आधी रोख मोजायचे होते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि त्या एका वर्षाने त्याला फार धीर दिला. बहिणीचे शिक्षणाचे पैसे त्याने त्या वर्षी एकरकमी भरले.

पुढच्या हंगामात भाव आठ-साडेआठ हजारांवर आला तेव्हा सगळ्या गावाने माल रोखून धरला, तसा त्यानेही धरला. घरातली पुढची खोली आढ्याला टेकेपर्यंत कापसाने भरली होती. मी संक्रांतीला गेलो तेव्हा आम्ही त्याच ढिगाच्या कडेला सतरंजी टाकून झोपलो होतो. मध्यरात्री माझ्या मानेला आणि हातांना अशी खाज सुटली की मी उठून बसलो. तो अंधारातच हसला आणि म्हणाला, "दहा हजाराची खाज हाय, खाजवून घे." मार्च गेला, एप्रिल गेला, कापूस पिवळट पडत गेला आणि वजनात घटत गेला. शेवटी जूनमध्ये बियाण्याला पैसे हवेत म्हणून त्याने तो सात हजारांच्या आतबाहेर दिला.

२०२३ चा खरीप आमच्याकडे ज्यांनी काढला त्यांना वेगळे सांगायला नको. जुलैत एका रात्रीत नाल्याकाठची तीन एकर खरडून गेली. ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक येऊन शेंगा भरायच्या आत उभे शेत हळद सांडल्यासारखे झाले. मक्त्याच्या शेताची जी काही भरपाई आली, ती सातबारा ज्याचा त्याच्या खात्यात गेली.

काकूने त्याची खिशातली डायरी माझ्याकडे दिली आहे. डाव्या पानावर 'देणे' आणि उजव्या पानावर 'येणे', अशी त्याने ती स्वच्छ अक्षरात मांडली आहे. देण्याच्या बाजूला कृषी केंद्राची उधारी, गावातल्या एकाचे शेकडा तीन व्याजाचे पैसे, काकूच्या नावावर उचललेल्या गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता आणि किराण्याचे ७४० रुपये आहेत. यांतली एकही रक्कम फाइलीत कर्ज म्हणून धरली गेली नाही. येण्याच्या बाजूला सात नावे आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. त्या पानात मृत्यूचे कारण लिहावे की नाही? आणि 'अपात्र' ठरल्याची गोष्ट, जी काकूला सर्वांत जास्त लागली आहे, ती तिथे यावी की नाही?

आठ-अ

तुमच्या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो आणि अशा घरांच्या ओसरीवर बसून बरेच पंचनामे लिहिले आहेत, म्हणून आधी त्या 'अपात्र' शब्दापुरते बोलतो.

२००६ च्या शासन निर्णयापासून ही मदत एक लाख रुपये आहे. त्यातले ३० हजार हातात मिळतात आणि ७० हजार वारसाच्या नावे मासिक व्याजाच्या योजनेत ठेवले जातात. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जाते आणि समिती तीनच गोष्टी पाहते: नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा. जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या कोणाच्या नावावर असावी लागते आणि कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी बँकेचे वा सोसायटीचे, नाहीतर परवानाधारक सावकाराचे असावे लागते. तुमच्या भावाच्या बाबतीत काय झाले असेल ते मला इथूनच दिसते. काकांचे जुने पीककर्ज २०१७ च्या किंवा २०१९ च्या कर्जमाफीत निघून गेले असेल, म्हणून सोसायटीने 'थकबाकी नाही' असा दाखला दिला असेल. आणि मुलाचे सगळे देणे अशा ठिकाणी होते, जिथून दाखला मिळत नाही. तगाद्याचेही तसेच आहे. बँक नोटीस पाठवते, ती फाइलीला जोडता येते. गावातला सावकार नोटीस पाठवत नाही. तो चारचौघांत हाक मारतो, आणि ती हाक कोणत्या रकान्यात लिहायची हे मला नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत कळले नाही. मक्त्यासाठी तर रकानाच नव्हता.

तेव्हा काकूंना एवढे जरूर सांगा की तो शेरा त्या एक लाखासाठी आहे, त्यांच्या मुलासाठी नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती सांगितली नाही तर मी खोटा ठरेन. ज्या फाइली 'पात्र' झाल्या, त्यांतली कारणेही सगळी खरी होती असे समजू नका. घरात दोन लहान मुले पाहिली की मीही वाक्य असे बसवत असे की ते समितीच्या साच्यात नीट बसावे. एका माणसाचे मूळ दुखणे वर्षानुवर्षांचे पोटाचे होते आणि कर्ज झाले ते औषधपाण्यामुळे. मी 'सततची नापिकी' लिहिले आणि प्रकरण मंजूर झाले. त्याच्या मुलाला आज कोणी विचारले तर तो नापिकीच सांगतो. मी लिहिले म्हणून ते आता त्याच्या घरातले सत्य झाले आहे. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, कागदासाठी तयार झालेले कारण, पात्र असो वा अपात्र, त्या पानावर उतरवू नका.

एक कामाची गोष्ट. त्याचे बचत खाते असेल तर पासबुक नीट पाहा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाला ४३६ रुपये मे महिन्याच्या अखेरीस आपोआप कापले जातात. तिथे मृत्यूचे कारण आडवे येत नाही आणि दोन लाख रुपये नामनिर्देशित व्यक्तीला मिळतात. खाते उघडताना कोणत्या अर्जावर सही केली ते पुष्कळ घरांना माहीतही नसते. वर्ष झाले आहे, तरी बँकेत लेखी विचारा.

कुटार

भाऊ, मी या पानावर क्वचितच लिहिते, पण आज लिहिते. माझे यजमान गेले तेव्हा ते ३३ वर्षांचे होते आणि मी २७ वर्षांची. आमची फाइल पात्र झाली होती. काकूंना वाटत असेल की पात्र झाली असती तर काही वेगळे झाले असते, म्हणून सांगते की ७० हजारांचे व्याज महिन्याला पाचशेच्या आत येत होते आणि ते घ्यायला पोस्टात गेले की अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. पैसे कामी आले, नाही कशाला म्हणू. परंतु 'पात्र' या शब्दानेही माझ्या माणसाविषयी काहीच सांगितले नाही.

पहिल्या दोन महिन्यांत आमच्या घरी निदान तीस माणसे येऊन गेली. त्यांत अधिकारी होते, पुढारी होते, वर्तमानपत्रवाले होते आणि एका संस्थेचे लोक होते, ज्यांनी शिलाई मशीन दिले. सगळ्यांनी एकच विचारले की कर्ज किती होते. माझा फोटो काढताना हातात त्यांचा फोटो धरायला सांगायचे आणि पदर डोक्यावर घ्यायला सांगायचे. ते हसायचे कसे, हे एकानेही विचारले नाही. ते पुष्कळ हसायचे. डवरणी, म्हणजे उभ्या पिकातली कोळपणी, करताना बैलांशी बोलायचे आणि बैलांच्या वतीने उत्तरही स्वतःच द्यायचे. एक बैल कुरकुऱ्या होता आणि एक शहाणा, दोघांचे आवाज वेगवेगळे. माझ्या मुलीला वडिलांविषयी आज एवढेच नीट आठवते आणि ते मला पुरेसे वाटते.

तुम्ही जे कापसाच्या खोलीचे लिहिले आहे ना, तेच तुमचे पान आहे. ते इथे लिहून झालेच आहे.

एक मात्र करा, त्याला देव करू नका. गेलेल्या माणसाच्या वाईट सवयी कोणी काढत नाही, आणि मग घरच्यांना आपला राग कुठे ठेवावा हेच कळत नाही. मी यजमानांवर दोन वर्षे रागावलेली होते, कारण त्यांनी माझी पाटली गहाण टाकली आणि मला सांगितले नाही. मी हा राग कोणाला बोलून दाखवला की लोक म्हणायचे, गेलेल्या माणसाविषयी असे बोलू नये. काकूंच्या मनातही काही असेल. आधी त्यांना बोलू द्या आणि मग लिहा.

बाभुळबन

मी वरच्या दोघांशी सहमत नाही आणि ते स्पष्ट सांगतो. माझ्या मते ते पान वाचू नये.

तुम्ही बाहेर राहता. वाचून झाल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाल. काका, काकू आणि ती बहीण तिथेच राहणार आहेत. ज्याने शेकडा तीनने पैसे दिले तो जेवायच्या पंगतीत बसलेला असेल, मक्ता देणारा बसलेला असेल आणि ज्या तीन घरांनी नकार दिला त्यांचे कोणी ना कोणी नातेवाईक बसलेले असतील. तुम्ही एकाचेही नाव घेतले नाही तरी प्रत्येकाला आपले नाव ऐकू येईल. बहिणीचे लग्न अजून व्हायचे आहे, असे तुमच्या मजकुरावरून वाटते. आमच्या नात्यात अशाच एका घरात, भावाच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीही, स्थळ आले की पाहुणे तोच विषय काढत असत.

आणखी एक. लग्न जमत नाही ही गोष्ट लोक पारावर हसत बोलतात म्हणून तुम्ही ती नुसती 'फिरणारी कारणे' म्हणून बाजूला ठेवली आहे. ती इतकी हलकी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला तेव्हा सगळ्यांनी त्याची गंमत केली. मी ३४ वर्षांचा आहे, मला नऊ एकर ओलिताचे, म्हणजे बागायती, शेत आहे, आणि मी त्या बातमीला हसलो नव्हतो. शेती तोट्याची आहे हे माणूस सहन करतो, कारण ते सगळ्यांचेच असते. परंतु तू शेती करतोस म्हणून तू नको, हे त्याला एकट्याला ऐकावे लागते. पाहुणे आले की आई नवी चादर काढते आणि ते गेल्यावर न बोलता घडी घालून ठेवते. तुमच्या भावाने ती घडी तीनदा पाहिली असेल. हे तुम्ही लिहू शकणार नाही आणि लिहिले तर काकूंना वाटेल की चूक त्यांच्या चादरीची होती.

म्हणून म्हणतो की फोटोला हार घाला, अभंग म्हणा आणि जेवण वाढा.

धुऱ्यावरून

बाभुळबन, तुमचे म्हणणे मला लागले, आणि ते बरोबर नाही असे मी म्हणणार नाही. बहिणीविषयीचा तुमचा अंदाज खरा आहे. मी काल रात्री तिलाच फोन केला. ती म्हणाली, "दादा, न वाचल्याने लोकं इसरत नाही. ते बोलतेच. फक्त आमच्यासमोर नाही बोलत." वाचावे असे तिचेही मत आहे, मात्र स्थळांचा उल्लेख करायचा नाही, ही तिची अट मी मान्य केली आहे.

पांदण

मी शेतकरी कुटुंबांसाठी समुपदेशनाचे काम केले आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारायच्या काही प्रश्नांची यादी होती. त्या प्रश्नांमुळे मला एक गोष्ट शिकता आली. तरुण मुलगा 'मला उदास वाटते' असे म्हणत नाही. तो म्हणतो की डोके काम करत नाही, झोप लागत नाही, जेवण जात नाही. किंवा काहीच म्हणत नाही आणि पहाटेच्या धावण्याला जाणे बंद करतो. तुमच्या भावाची डायरी शेवटच्या महिन्यातही स्वच्छ अक्षरात होती, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. त्यावरून तो सावरलेला होता असा निष्कर्ष काढू नका, आणि आम्हाला कळायला हवे होते असा दोषही स्वतःला देऊ नका.

आता लिहिण्याविषयी. तुम्ही प्रश्नात 'आयुष्य संपवले' असे लिहिले आहे. हा वर्तमानपत्रातला शब्दप्रयोग आपल्या सगळ्यांच्या बोटांत बसला आहे. त्यातून असा अर्थ निघतो की त्याने एक काम हाती घेतले आणि पूर्ण केले. 'सुटला', 'मोकळा झाला' हे शब्द तर अजिबात नकोत, कारण त्या पंगतीत त्याच्याबरोबर पहाटे धावणारी पाच-सहा मुले बसलेली असतील आणि त्यांतल्या एखाद्याच्या खिशात तशीच डायरी असेल. कसे झाले आणि कुठे झाले, हे सांगू नका. 'आत्महत्येने त्याचा मृत्यू झाला' एवढे एक साधे वाक्य पुरे. ते लपवूही नका, कारण लपवले की ऐकणारे तेवढीच जागा भरत बसतात.

कारणाविषयी आठ-अ यांनी जे सांगितले त्यात मी एवढीच भर घालते की कारण एक नसते. पाऊस, भाव, मक्ता, तगादा आणि नकार हे सगळे एका माणसाच्या वाट्याला येते आणि त्याच गावातला दुसरा माणूस तेच सगळे सोसून जिवंत राहतो. ही कमजोरी-ताकदीची गोष्ट नाही. मन आजारी पडते आणि आजारी मनाला चार वाटांपैकी एकच दिसते. हे मी तीन वाक्यांत सांगितले, तुम्ही एका वाक्यात सांगू शकाल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असेच धरले आहे की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो आणि त्याला शिक्षा नव्हे, मदत द्यायची असते.

बाभुळबन, तुमचा चादरीचा परिच्छेद मी दोनदा वाचला. तुम्हाला बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, फुकट असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मी हे उपचार म्हणून लिहीत नाही. धुऱ्यावरून यांनीही हा क्रमांक पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहावा आणि वाचताना दोनदा उच्चारावा.

बाभुळबन

वाचले. क्रमांक मोबाईलमध्ये साठवून ठेवला आहे. माझा विरोध मी मागे घेतो असे नाही, पण ती पहाटे धावणारी मुले माझ्या लक्षात आली नव्हती.

आठ-अ

मोजदादीविषयी एक शेवटचे सांगतो, कारण काकूंना बहुधा असेही वाटत असेल की आपला मुलगा शेतकरी म्हणून कुठेच मोजला गेला नाही. महसूल खात्याची यादी वेगळी आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वेगळी. दुसऱ्या यादीत पोलिसांनी व्यवसायाच्या जागी जे लिहिले ते धरले जाते, मदतीचा शेरा धरला जात नाही. २०२२ च्या त्यांच्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत आणि त्यांत महाराष्ट्राच्या ४,२४८ आहेत. देशभरच्या आकड्यात शेतमजूर ६,०८३ आहेत, म्हणजे शेतकऱ्यांपेक्षा अधिक, आणि त्यांच्या घरी आमची समिती जात नव्हती, कारण सातबाराच नसे. तुमच्या भावाच्या कागदावर 'शेती' लिहिले आहे की 'बेरोजगार', ते एकदा पाहा. भरतीची तयारी केलेल्या मुलांच्या बाबतीत पुष्कळदा दुसरे लिहिलेले असते.

धुऱ्यावरून

सर्वांचे आभार. वर्षश्राद्ध परवा पार पडले. काय झाले ते इथे सांगणे मला आवश्यक वाटते.

आठ-अ साहेब, पोलिसांच्या कागदावर 'शेती' लिहिलेले आहे. काकूला ते वाचून दाखवले तेव्हा तिने कागद हातात घेतला आणि त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, "हेच हाय ना?" पासबुकही पाहिले. २०२२ साली विम्याचा हप्ता कापल्याची नोंद आहे. २०२३ च्या मे अखेरीस ती नाही, कारण त्या आठवड्यात खात्यात २१२ रुपये होते. कापूस तेव्हा पुढच्या खोलीत पडून होता. हे मी काकांना सांगितले आहे, काकूला अजून सांगितलेले नाही, आणि पानात तर लिहिलेच नाही.

कुटारताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी आधी दोन दिवस काकूजवळ नुसता बसलो. तिला राग होता, आणि तो मी समजत होतो त्या गोष्टीचा नव्हता. पोळ्याच्या दिवशी तिने केलेली पुरणपोळी त्याने खाल्ली नाही, बैलांना मात्र भरवली, आणि त्यावरून ती त्याला बोलली होती. वर्षभर ती तेवढेच घोकत होती. ती हे बोलली तेव्हा काका बाहेरून आत आले आणि म्हणाले की त्याने माझ्यासमोर ओसरीवर अर्धी पोळी खाल्ली होती. हे खरे आहे की काकांनी त्या क्षणी रचले, ते मला माहीत नाही आणि मी विचारले नाही.

पान दीड पानाचे झाले. त्यात पहाटेचे धावणे आले, वखर आला आणि कापसाची खोली आली. 'दहा हजाराची खाज' या वाक्यावर पंगतीतली दोन-तीन माणसे हसली आणि मग हसल्याबद्दल ओशाळली. 'आत्महत्येने त्याचा मृत्यू झाला' हे वाक्य मी मध्यावर ठेवले, शेवटी नाही. 'अपात्र' हा शब्द घेतला नाही. त्याऐवजी तो तेरा एकर कसत होता, त्यातली आठ एकर कोणत्याही कागदावर त्याच्या नावाने नव्हती, असे लिहिले. मक्ता देणारे गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते. १४४१६ दोनदा वाचला. धावणाऱ्या मुलांपैकी एकाने कागद मागून घेतला आणि क्रमांकाचा फोटो काढला.

डायरीविषयी मात्र काकूने माझे ऐकले नाही. मी मसुद्यात दोन्ही पाने लिहिली होती, डावीकडचे देणे आणि उजवीकडची येण्याची सात नावे: कोणाच्या शेतात फवारणी करून दिली त्याची मजुरी, कोणाला बैलजोडी दिली त्याचे भाडे, कोणाला पोरीच्या दवाखान्यासाठी दिलेले १,२०० रुपये. मला वाटले की तो फक्त घेणारा नव्हता, देणाराही होता, हे लोकांना कळावे. काकूने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "किराण्याचे सातशे चाळीस मी फेडले, ते लिह. पण ते सात नावं काढ. त्यायचीबी तेच गत हाय."

नावे काढली. बाकीचे तसेच ठेवले.